‘काही लागलं तर सांगा’: अण्णांच्या पक्षाघातानंतरचे आठ महिने

२१ ऑक्टोबर २०२४, सोमवार. पहाटे साडेपाचला आई उठली तेव्हा अण्णा, माझे वडील, पलंगावर एका कुशीला कलंडलेले होते. उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा अंगाखाली अडकलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं आणि त्यातून फक्त ‘ता ता ता’ येत होतं. भावजयीनं भावाला फोन लावला, तो कुपवाडच्या कारखान्यात रात्रपाळीला. तो येईपर्यंत शेजारच्या काकू आल्या, ‘अंगावरून वारं गेलंय’ असं ठरलं, तिळाचं तेल गरम झालं आणि तळपाय चोळायला सुरुवात झाली. भाऊ आल्यावर सांगलीतल्या घराजवळच्याच एका लहान दवाखान्यात नेलं. तिथं सलाईन लावून पाऊण तास बसवून ठेवलं आणि मग सांगितलं की आमच्याकडे सीटी स्कॅन नाही, मिरजेला न्या. मिरजेत सीटीच्या टेबलावर अण्णा पोचले तेव्हा पावणेनऊ झाले होते.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?’ आई म्हणाली, साडेपाचला हे असं दिसलं. ‘असं नाही, चांगले बोलत-चालत होते ते शेवटचं कधी?’ रात्री साडेदहा. तिथंच विषय संपला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि झोपेत झटका आला तर घड्याळ रात्री झोपल्यापासून धरतात. म्हणजे आमच्या तेलानं आणि त्या सलाईननं इंजेक्शन हुकलं असंही म्हणता येत नाही. पण हाच प्रकार जागेपणी, भरदिवसा झाला असता तर आम्ही नेमके याच पद्धतीनं तीन तास घालवले असते. त्यामुळे एवढं लिहून ठेवा: तोंड वाकडं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करायचा, ‘पक्षाघात वाटतोय’ हे स्पष्ट सांगायचं, आणि चोवीस तास सीटी असेल तिथंच जायचं. वेळ कागदावर लिहायची. गोंधळात कुणालाच आठवत नाही.

मी पुण्यात असते. सात वाजता फोन आला, दुपारी एकला मिरजेत पोचले. अण्णांनी मला ओळखलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते म्हणाले, ‘च्यायला.’ लख्ख. स्पष्ट. आम्हाला वाटलं आता बोलणार. पुढचे तीन आठवडे तेवढा एकच शब्द होता.

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, म्हणून उजवं अंग गेलं आणि वाचाही. ऐकलेलं बरंचसं कळतं, बोलायला शब्द सापडत नाही. याला वाचाघात म्हणतात हे मला तिथंच कळलं. राउंडला आलेल्या शिकाऊ डॉक्टरनं विचारलं, ‘आजोबा, बायकोचं नाव काय?’ अण्णा गप्प. आई म्हणाली, ‘त्यांनी आधी तरी कधी घेतलंय? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच.’ वॉर्डात सगळे हसले. आई पण हसली आणि मग बाहेर जाऊन रडली.

आता पैशांचं. अण्णा एसटीत कंडक्टर होते, २०१५ ला निवृत्त झाले, वय ६७. ईपीएसची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली, तीन हजारांच्या आतली पेन्शन, मेडिक्लेम नाही. सुदैवानं दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होता. अशा दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून एक माणूस बसलेला असतो. ॲडमिट झाल्या झाल्या त्याला गाठायचं, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी नाही. त्याला मूळ रेशनकार्ड आणि आधार लागतं. आमचं घोडं अडलं ते असं: रेशनकार्डावर अण्णांचं नाव एक, आधारवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, आणि रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर कुणालाच माहीत नाही. भाऊ दोन दिवस पुरवठा कार्यालय आणि रेशन दुकान यांच्यात फिरला. तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. तोवर भरलेले आणि योजनेत न बसलेले मिळून खिशातून १६,४०० रुपये गेले. त्यावेळी फार वाटले. नंतरच्या महिन्यांचा हिशोब बघता ते काहीच नव्हते.

३० ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी, नाकात नळी आणि खाली कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, अशा अवस्थेत अण्णा घरी आले. गल्लीत आकाशकंदील लागलेले. डिस्चार्जच्या कागदावर ‘फिजिओथेरपी, दर दोन तासांनी कूस बदलणे, नळीतून आहार, फेरतपासणी १५ दिवसांनी’ एवढ्या चार ओळी होत्या. दवाखान्यात या चार ओळींचं काम सहा माणसं तीन पाळ्यांत करत होती, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

कॉट आणि एअर बेड विकत घ्यायला निघालो होतो, तेवढ्यात शेजारच्या मुलानं सांगितलं की पलीकडच्या गल्लीतल्या गणेश मंडळाकडे रुग्णांचं साहित्य मिळतं. वरखाली होणारी कॉट, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, वॉकर. हजार रुपये अनामत, रोजचे पाच रुपये. मंडळाच्या पोरांनी हातगाड्यावरून कॉट आणून जिना चढवून लावून दिली, वर बोल्ट घट्ट करून गेली. गणपतीत यांच्या डॉल्बीवरून मी दरवर्षी भांडते. यंदा भांडायला तोंड उरलेलं नाही. तुमच्या गावातही असं काही नक्की असेल. मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, देवस्थानं, सगळीकडे आधी विचारा.

नळी ६ नोव्हेंबरला निघाली. त्यानंतरचं पहिलं शहाणपण फिजिओथेरपिस्टनं शिकवलं: पाणी सगळ्यांत अवघड, पेज सोपी. आपल्याला उलटं वाटतं. पातळ पदार्थ घशातून सरकन चुकीच्या वाटेनं जातो आणि ठसका लागतो. म्हणून नाचणीची आंबील घट्ट, वरण घट्ट, हनुवटी छातीकडे घेऊन, ताठ बसवून, लहान चमच्यानं, घास गिळला का बघून मग पुढचा. एका जेवणाला पन्नास मिनिटं. दुसरं शहाणपण उशिरा आलं आणि महागात पडलं. लुळा हात धरून माणसाला कधीही उठवायचं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमानं ‘चला अण्णा, उठा बघू’ म्हणत नेमका उजवाच हात ओढायचा. डिसेंबरपर्यंत खांदा निखळल्यासारखा खाली उतरला आणि त्या दुखण्यानं रात्रीची झोप गेली. मग आम्ही त्यांच्या उजव्या बाहीला लाल रिबीन बांधली. ‘इथं हात लावू नये.’

भेटायला येणारे. यावर वेगळं लिहावं लागेल इतके आले. नारळपाणी, सफरचंद, बिस्किटांचे पुडे. अण्णांना त्यातलं काहीच गिळता येत नव्हतं. प्रत्येकजण कॉटजवळ वाकून मोठ्यानं विचारायचा, ‘ओळखलं का मला? सांगा मी कोण?’ वाचा गेलेला माणूस बहिरा झाला आहे असं लोकांना का वाटतं कोण जाणे. अण्णा घामाघूम व्हायचे. मग आईकडे वळून, कधी एकदाच्या सुटतो अशा सुरात, ‘काही लागलं तर सांगा.’ हे वाक्य मी पहिल्या महिन्यात शंभरदा तरी ऐकलं असेल. म्हणणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पण काय लागतं ते शोधायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, मग संकोच गिळून फोन करायचा, हे सगळं काम परत आमच्यावरच येत होतं.

उपयोगी पडली ती माणसं वेगळी. चुलतभावानं काही विचारलंच नाही. पहिल्या शनिवारी आला, औषधांची चिठ्ठी मोबाइलवर फोटो काढून घेतली, ‘दर शनिवारी मी आणून देणार, तुम्ही मेडिकलात जायचं नाही’ म्हणाला आणि आजतागायत आणतोय. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्या वहिनी मंगळवारी आणि शुक्रवारी भाकऱ्या पाठवायच्या, डबा परत मागायला कधी आल्या नाहीत. एक काम, एक वार. तेवढंच.

आणि मी? मी पुण्यातून सूचना देत होते. इंटरनेटवर वाचायचं, व्हिडिओ पाठवायचे, रात्री नऊला फोन करून विचारायचं, ‘व्यायाम किती वेळा झाला? कूस बदलली का? पाठ बघितली का?’ १६ नोव्हेंबरला भावजय फोनवर शांतपणे म्हणाली, ‘ताई, तुम्ही सांगता ते सगळं बरोबर आहे. पण डायपर कोण बदलतं ते एकदा विचारा.’ आणि फोन ठेवला.

डायपर तीच बदलत होती. सुनेनं सासऱ्याचा. आईच्यानं अण्णांचं वजन पेलत नव्हतं, भाऊ दिवसा झोपलेला किंवा कामावर. अण्णा त्या वेळी डोळे मिटून तोंड भिंतीकडे करायचे, हे तिनं मला खूप नंतर सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सांगलीला गेले. तिची माफी मागितली, तर म्हणाली, ‘माफी नको, माणूस बघा.’

बघितला. ब्यूरोतून बारा तासांचा माणूस रोजचे सहाशे, म्हणजे महिना अठरा हजार, परवडणारे नव्हते. पूर्वी वॉर्डबॉय म्हणून काम केलेला गल्लीतलाच एक मुलगा सकाळी दोन तास यायला तयार झाला, महिना ४,५०० रुपये. आंघोळ, स्वच्छता, दाढी, खुर्चीवर बसवणं. अण्णांचे डोळे त्या वेळी उघडे असतात, हा पहिल्याच आठवड्यातला फरक. त्याचे पैसे मी भरते. बाकीच्या कामांचा आम्ही एक तक्ता केला, डेपोत ड्युटी लावतात तसा. कुठला वार, कुठली वेळ, कुणाची ड्युटी, रजा असेल तर बदली कोण. भाऊ, आई, भावजय, आत्या, चुलतभाऊ, नववीतला भाचरू, मी. माझ्या वाट्याला महिन्यातले दोन शनिवार-रविवार आणि सगळा कागदोपत्री कारभार. भावजयीच्या रकान्यात गुरुवार आणि रविवार पूर्ण रजा. तो तक्ता अण्णांच्या समोरच्या भिंतीवर लावला. त्यांनी बराच वेळ बघितला, मग डाव्या हातानं आत्याच्या नावावर बोट ठेवलं आणि मान हलवली. आत्या सकाळची नको, तिला उठवत नाही. खरंच होतं. महिनाभरात घरातल्या कुठल्या गोष्टीबद्दल त्यांचं मत आम्ही पहिल्यांदाच घेतलं होतं, तेही चुकून.

मधेच २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आलं. अण्णांनी सकाळपासून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून जीव खाल्ला. घरून मतदानाची सोय दिव्यांगांना होती, पण त्याला प्रमाणपत्र लागतं आणि आमच्याकडे काहीच नव्हतं. मंडळाचीच पोरं आली, व्हीलचेअर उचलून खाली नेली, शाळेच्या दोन पायऱ्या चढवल्या. सहीच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा, शाई तर डाव्याच बोटाला लावतात. बटण त्यांनी स्वतः दाबलं. घरी येऊन चार तास झोपले. बोटावरची शाई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते.

बँकेची गोष्ट मनस्तापाची. पेन्शनचं खातं एकट्या अण्णांच्या नावावर. एटीएमचा पिन त्यांच्या डोक्यात, आणि डोक्यातून बाहेर यायचा रस्ता बंद. खिडकीवर सांगण्यात आलं, ‘पेशंटला इथं घेऊन या, सही जुळली पाहिजे.’ उजवा हातच नाही तर सही कुठून जुळणार? दोन खेपा वाया गेल्यावर मी रिझर्व्ह बँकेच्या नियमाचं परिपत्रक छापून नेलं. आजारी किंवा अपंग खातेदाराचा अंगठा, अंगठा नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा, दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. सत्तरी ओलांडलेल्या आणि आजारी ग्राहकांना घरी सेवा देण्याबद्दलही २०१७ ची सूचना आहे. मॅनेजर नवीन होते, चांगले निघाले. १३ डिसेंबरला त्यांच्या अधिकाऱ्यानं घरी येऊन ठसा घेतला आणि आईचं नाव खात्याला लागलं. एकूण १७ दिवस. तुमच्या आईवडिलांची खाती आजच ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणालाही चालवता येतील अशी, करून टाका, अर्धा तास लागतो.

हयातीचा दाखला त्या मानानं सोपा गेला. ईपीएसवाल्यांना तो वर्षातून कधीही देता येतो, दिल्यापासून वर्षभर चालतो. बोटांचे ठसे नीट येईनात म्हणून मोबाइलवर चेहऱ्यावरून केला. ॲप म्हणतं, डोळे मिचकवा. अण्णांनी एकच डोळा मिचकवला, दुसरा नीट मिटतच नव्हता. सहाव्या खेपेला ॲपनं हार मानली आणि ते जिवंत असल्याचं मान्य केलं.

सल्ल्यांचा महापूर याच काळातला. पारव्याचं रक्त चोळा. अमुक गावात अमावास्येला औषध देतात, तीन वाऱ्या केल्या की माणूस चालत घरी येतो. आत्या हट्टालाच पेटली. मी भांडायच्या पवित्र्यात होते, पण भावानं शहाणपणा केला. तिला फेरतपासणीला सोबत घेऊन गेला आणि डॉक्टरांनाच विचारायला लावलं. ते म्हणाले, तेल लावा, हलक्या हातानं, खांदा सोडून. पोटात मात्र काही द्यायचं नाही आणि रक्त पातळ ठेवायची आणि बीपीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, दुसरा झटका यायचा तो गोळ्या बंद केल्यावर येतो. तेव्हापासून तेल लावायची ड्युटी आत्याची. ती रोज संध्याकाळी येते, तेल लावते आणि अण्णांना साऱ्या भावकीच्या उखाळ्यापाखाळ्या सांगते. अण्णांना तिच्या तेलापेक्षा त्याचा जास्त उपयोग होत असावा.

आता ड्रायव्हरकाका. सांगली-कोल्हापूर मार्गावर हे आणि अण्णा बारा-तेरा वर्षं जोडीनं ड्युटीला होते. काका सुरुवातीला आलेच नाहीत. मला रागही आला होता. नंतर कळलं, दोनदा जिन्यापर्यंत येऊन परत गेले होते. ‘मास्तरला असं बघवंना.’ डिसेंबरच्या मध्यावर एका संध्याकाळी आले. ‘ओळखलं का’ वगैरे काही नाही. खुर्ची ओढून बसले, कडेनं, तोंड समोर करून, ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यासारखे. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘मास्तर, गाडी लागली फलाटाला. पाटी बघा बरं बरोबर हाय का.’ अण्णांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. काका स्वतःशीच पुटपुटल्यासारखे, त्याच ओरडण्याच्या चालीवर, ‘सांगली... अंकली...’ आणि थांबले.

अण्णा म्हणाले, ‘उदगाव.’

भावजय स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. ‘जयसिंगपूर,’ अण्णा म्हणाले. ‘हातकणंगले. हेर्ले. शिरोली.’ जीभ जड, कडा गळालेल्या, पण क्रमानं. ‘कोल्लापूर,’ आणि डाव्या हातानं हवेत दोनदा दोरी ओढली. डबल बेल.

मी तेव्हा पुण्यात होते, मला भाच्यानं केलेला व्हिडिओ बघायला मिळाला. दुसऱ्या दिवशी मी तो स्पीच थेरपिस्टला पाठवला. मिरजेत आठवड्याला एकदा, पाचशे रुपये, तिथं तोवर आमचे तीन आठवडे ‘पाणी’ शब्दावर अडकले होते. त्यांनी माझा फुगा अर्धा फोडला: आयुष्यभर घोकलेल्या गोष्टी, म्हणजे पाढे, आरत्या, वार, शिव्यासुद्धा, मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात, त्याचा अर्थ बोलणं आलं असा नाही. पण म्हणाल्या, ही दोरी मिळाली आहे, तिला धरून एकेक शब्द बाहेर ओढता येईल. मग घरी तसाच अभ्यास सुरू झाला. बेचा पाढा म्हणायचा आणि मधेच थांबायचं. वार म्हणायचे आणि विचारायचं, ‘आज?’ स्टॉप म्हणायचे आणि विचारायचं, ‘आत्याचं गाव?’ उत्तर येईपर्यंत मनात दहा अंक मोजायचे, वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. हे दहा अंक फार लांब असतात. आईला अजून जमत नाही. ती सातवर बोलून टाकते. प्रश्न एका वेळी एकच, आणि शक्यतो हो-नाहीचा. पण अण्णा ‘नाही’च्या जागी ‘हो’ म्हणायचे, म्हणून तोंडाच्या ‘हो’वर विश्वास न ठेवता अंगठा वर की खाली ते बघायचं. दोन महिने आम्ही त्यांना नको असलेला चहा पाजत होतो, हे यातून उघडकीला आलं.

ड्रायव्हरकाका तेव्हापासून मंगळवारी आणि शनिवारी येतात. त्यांनीच जुन्या डेपोत वर्गणी काढली, १४,५०० रुपये पाकिटात घालून आणले. अण्णांनी पाकीट बघितलं आणि ढसाढसा रडले, थांबेचनात. मग मधेच हसायला लागले. पक्षाघातानंतर रडण्या-हसण्याचा लगाम सुटतो, प्रत्येक रडणं दुःखाचं नसतं, हे आम्हाला माहीत होतं. काकांना नव्हतं. ते घाबरून पाकीट परत न्यायला निघाले होते.

जानेवारी वाईट गेला. पाय हलायला लागला होता, वॉकर धरून आठ-दहा पावलं होत होती, आणि अण्णांनी व्यायामच सोडला. फिजिओथेरपिस्ट दारात आले की डोळे मिटून घ्यायचे. एका भेटीचे ४०० रुपये, महिन्याला साडेनऊ हजारांच्या घरात जात होते. मी चिडले. ‘आळस’ हा शब्द वापरला, त्यांच्यासमोर. डॉक्टर म्हणाले, हे डिप्रेशन आहे, पक्षाघातानंतर तीनातल्या एकाला होतं, गोळी आहे. तीन-चार आठवड्यांत फरक दिसला. तो शब्द मला परत घेता आला नाही.

त्याच महिन्यात आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. साखर ३१२. अण्णांच्या गोळ्यांचा डबा तिन्ही त्रिकाळ न चुकता भरणारी बाई स्वतःची गोळी अडीच महिने धरसोड करत होती आणि सात जणांच्या ड्युटीच्या तक्त्यात ‘आईची गोळी’ असा रकानाच नव्हता. आता आहे. शिवाय रोज संध्याकाळी पाच ते सहा तिनं घरात थांबायचं नाही. देवळात जा, गिरणीवर गप्पा मारत बस, काही कर.

मार्चमध्ये मी दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे लागले. पक्षाघातानं आलेलं अपंगत्व चालतं, आणि २०१६ च्या कायद्याच्या २१ प्रकारांत वाचा आणि भाषादोष हा वेगळा प्रकार आहे, वाचाघात त्यात येतो. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केला. फोटो, आधार, सहीऐवजी अंगठा, दवाखान्याचे कागद. सरकारी दवाखान्यात तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचा वार ठरलेला असतो. ९ एप्रिलला रिक्षा करून, दोन मजले चढवून नेलं, अडीच तास बाकावर बसवलं, आणि सांगितलं, सहा महिने पूर्ण झाले नाहीत, तोवर सुधारणा होत असते, नंतर या. बारा दिवस कमी पडत होते. हे फोनवर कळलं असतं तर त्या माणसाचे हाल वाचले असते. २३ तारखेला परत गेलो. या वेळी ड्रायव्हरकाका सोबत, त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना बोलतं केलं. हात-पाय आणि वाचा मिळून ६८ टक्के. टीप: स्पीच थेरपिस्टचा अहवाल सोबत न्या, नाहीतर वाचेसाठी पुन्हा वेगळी खेप पडते. कार्ड ११ जूनला पोस्टानं आलं, पिवळ्या रंगाचं. अण्णांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि माझ्याकडे परत दिलं. ‘दिव्यांग’ हा शब्द त्यांनी वाचला असणार.

२२ जूनच्या रविवारी आम्ही त्यांना एसटीनं जयसिंगपूरला न्यायचं ठरवलं. काका, मी, भाचा. स्टँडवर आतापर्यंत चारदा जाऊन आलो होतो, नुसतं फलाटावर बसायला. गाडीत ही पहिलीच वेळ. पायऱ्या उंच. चांगला पाय आधी वर, हे आम्ही घरच्या जिन्यावर पंधरा दिवस घोकलं होतं, तरी दुसऱ्या पायरीवर अण्णा अडकले. मागं माणसं खोळंबली. तरुण कंडक्टर काही बोलला नाही, अण्णा सीटवर टेकेपर्यंत त्यानं बेलला हात लावला नाही.

निवृत्तांचा पास घाईत घरीच राहिला होता. दिव्यांग कार्ड मात्र माझ्या पर्समध्ये होतं, तिकिटात ७५ टक्के सवलत. माझं अर्धं. मी पाचशेची नोट पुढं केली. कंडक्टर काही म्हणायच्या आत शेजारून आवाज आला, ‘सुट्टे.’

कंडक्टरनं चमकून बघितलं. ड्रायव्हरकाका म्हणाले, ‘आमचे मास्तर हायेत. सांगली डेपो.’ पोरानं वाकून नमस्कार केला आणि तिकीट मशीनमधून काढून अण्णांच्या डाव्या हातात दिलं. ते त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन तपासलं, तारखेसकट.

जयसिंगपूरपर्यंत आम्ही पोचलो नाही. अंकलीच्या पुढं अण्णा अस्वस्थ झाले, अंगठा खाली-वर, मला कळेना, भाच्याला कळलं. उदगावला उतरलो, एका हॉटेलवाल्यानं मागचं दार उघडून दिलं, पण तोवर उशीर झाला होता. परत रिक्षानं, अडीचशे रुपये. अण्णा वाटभर बाहेर बघत होते. घरी आल्यावर भावजयीनं विचारलं, कसं झालं? अण्णांनी अंगठा आडवा धरला. हा अंगठा आमच्यात पहिल्यांदाच आला.

पुढच्या रविवारी परत जाणार आहोत. तक्त्याखाली लिहून ठेवलंय: बाटली, जास्तीची पँट, पास, सुट्टे पैसे.